कागद पालकाचा की बापाचा?

आम्ही मूल दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात पहिला प्रश्न सासूबाईंनी विचारला. मला वाटलं होतं त्या जात विचारतील, नाहीतर "मुलगा का मुलगी" विचारतील. त्यांनी विचारलं, "कागद कोणता भेटते? पालकाचा का बापाचा?"

या प्रश्नामागे आमच्या घरातली एक जुनी गोष्ट आहे, ती आधी सांगते.

यांची आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. १९८० च्या सुमारास तिनं एक मुलगा सांभाळायला घेतला. त्या काळी ख्रिस्ती माणसाला कायद्यानं दत्तक घेताच यायचं नाही. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. आपल्या ख्रिस्ती लोकांना, तसंच मुसलमान आणि पारशांना, १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली कोर्टातून फक्त पालकत्व मिळायचं. तेही मूल सज्ञान होईपर्यंत. आत्यानं त्याला वाढवलं, शिकवलं, तो तिला आईच म्हणायचा. ती गेली तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. तिच्या बँकेतल्या ठेवीचे वारस म्हणून भाऊ-पुतण्यांनी सह्या केल्या. त्या मुलाचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. सह्या करणाऱ्यांत माझे सासरेही होते. सासूबाईंच्या मनात ती गोष्ट काट्यासारखी राहिलेली. त्या मुलाला नंतर थोडे पैसे दिले म्हणतात, पण तो पुन्हा आमच्याकडे आला नाही.

म्हणून तो प्रश्न. उत्तर मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढं कळलं की बाल न्याय कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आणि मग २०१५ च्या नव्या कायद्यानं कुठल्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं. मूल कायद्यानं पूर्णपणे आपलं होतं, जणू पोटी जन्मलेलं. "बापाचा कागद भेटते, आई," मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेंगा फोडत बसल्या.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून १९ किलोमीटर आत. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मी अंगणवाडी सेविका. गावात ख्रिस्ती घरं सात. लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दवाखाने, नागपूरच्या फेऱ्या, ते सगळं इथे लिहीत नाही. दुसऱ्यांच्या लेकरांचं वजन दर महिन्याला काट्यावर करणाऱ्या बाईला लोक काय काय विचारतात, ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

एक मात्र सांगते. याच दरम्यान तालुक्याच्या गावी एका ओळखीच्या बाईनं "एक पोट्टी आहे, नोटरीवर करून देतो" असं हळूच सुचवलं होतं. मन डगमगलं, खोटं कशाला बोलू. पण हा रस्ता गुन्ह्याचा आहे. कायद्याची पद्धत सोडून मूल घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला हक्काचा कागद कधीच मिळत नाही. नोटरीचा कागद म्हणजे आत्याच्या कागदापेक्षाही कच्चा.

१४ जून २०१९ ला 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, पोर्टलवर नोंदणी केली. सेतू केंद्रातला मुलगा म्हणाला, "ताई, असा फॉर्म म्या कधी भरलाच नाही." दोघांनी मिळून भरला. आधार, पॅन, उत्पन्नाचा दाखला, जन्माचा पुरावा, दोघांचं आरोग्य प्रमाणपत्र, कुटुंबाचा फोटो, ओळखीच्या दोघांची पत्रं आणि लग्नाचा दाखला. नोंदणी झाल्यापासून ३० दिवसांत हे सगळं अपलोड करायचं असतं. तहसीलच्या दाखल्याला आमचे नऊ दिवस गेले, म्हणून सांगते, उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवा, नोंदणी मागून करा.

घोडं अडलं ते लग्नाच्या दाखल्यावर. आमचं लग्न देवळात, म्हणजे चर्चमध्ये, परवाना असलेल्या पाळकांनी (पास्टरनी) लावलेलं, १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, आणि रजिस्टरचा उतारा आमच्याकडे होता. एका कार्यालयातल्या साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे चर्चचं सर्टिफिकेट आहे, सरकारी आणा." दोनदा परत आलो. तिसऱ्यांदा पाळकसाहेबांना सोबत नेलं. त्यांनी दाखल्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवून कायद्याचं नाव वाचून दाखवलं. तेवढ्यानं काम झालं. त्यात माझं माहेरचं नाव आधारशी जुळत नव्हतं, त्यासाठी शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र. टायपिंगसकट साडेतीनशे लागले.

मग गृह अभ्यास अहवाल. त्याचे ६,००० रुपये, पावतीसकट. ऑगस्टात समाजसेविका मॅडम घरी आल्या. आम्ही आदल्या दिवशी घर सारवलं, ओट्याला रंग दिला, शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणल्या. मॅडमनी खुर्च्यांकडे पाहिलंही नाही. आमचं भांडण कशावरून होतं, पैसे कोणाच्या हातात असतात, मूल आजारी निघालं तर काय कराल, हे विचारलं. सासूबाईंना वेगळं बसवून विचारलं. आईंनी काय सांगितलं ते मला आजही माहीत नाही. तुमच्याकडे कोणी येणार असेल तर रंगाचे पैसे वाचवा.

धाकटे भाऊजी त्याच आठवड्यात आले. जावयाचा पाहुणचार असावा तसे गोड बोलले आणि जाताना म्हणाले, "वहिनी, लेकरू आणा, चांगलीच गोष्ट आहे. पण सातबाऱ्यावर नाव लागंल काय त्याचं?" राग आला. आता तेवढा येत नाही, कारण प्रश्न खरा होता. नाव लागतं. आपल्या ख्रिस्ती लोकांत वारसा १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं चालतो. बायको-मुलं मागं राहिली तर एक तृतीयांश बायकोला, उरलेलं मुलांना सारखं, मुलगा-मुलगी फरक नाही. आणि दत्तक आदेश झाला की ती आमची मुलगी, पोटच्यासारखी नव्हे, मुलगीच. भाऊजी दोन वर्षं जरा दूर राहिले.

त्यानंतर काही नाही. नुसती वाट. पोर्टलवर तुमचा क्रमांक दिसतो. मी रोज रात्री पाहायची, मग आठवड्याला, मग कोरोना आला आणि पाहणंच सोडलं. क्रमांक कधी चारशेने खाली यायचा, कधी महिनाभर हलायचा नाही. अहवाल तीन वर्षांसाठी चालतो. २०२२ च्या पावसाळ्यात आमचा संपला. कोणी कळवलं नाही, मीच तारीख पाहिली म्हणून कळलं. मुदत संपायच्या तीन महिने आधी कॅलेंडरवर खूण करून ठेवा. पुन्हा मॅडम आल्या, वेगळ्या. या वेळी खुर्च्या आणल्या नाहीत.

याच वर्षात पाळकसाहेबांनी महिला मंडळाच्या बुधवारच्या सभेत बायबलमधल्या, पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय मला समजावून सांगायला दिला. "तुम्हीच घ्या," म्हणाले. का, ते मला कळलं होतं. त्यात दत्तकपणाच्या आत्म्याचं वचन आहे, ज्याच्यामुळे आपण देवाला "अब्बा, बापा" म्हणून हाक मारतो. लहानपणापासून हे वचन ऐकलेलं. प्रवचनात त्याचा अर्थ नेहमी एकच निघायचा, देव आपल्यावर बापासारखी माया करतो. 'सारखी' हा शब्द तेव्हा कधी खटकला नव्हता.

पाळकसाहेबांचे वडील यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, म्हणजे पाळक तयार करणाऱ्या विद्यालयात, शिकले, १९८३ साली ती पुण्याला हलली त्याच्या आधी. त्यांची जुनी टीकाग्रंथांची, म्हणजे बायबलवरच्या भाष्यांची, पेटी पाळकसाहेबांकडे आहे, वाळवीनं अर्धी खाल्लेली. त्यातून त्यांनी मला काही पानं मराठीत समजावून दिली. पौलानं वापरलेला ग्रीक शब्द 'ह्युओथेसिया', म्हणजे पुत्र म्हणून स्थापणं. नव्या करारात तो पाचदाच येतो आणि पाचही वेळा पौलाच्याच पत्रांत: रोमकरांसमध्ये तीनदा, गलतीकरांस आणि इफिसकरांसमध्ये एकेकदा. हा मायेचा शब्द नव्हे, कोर्टकचेरीचा आहे. रोमन पद्धतीत जन्मदात्या बापानं मुलाला तीनदा 'विकण्याचा' विधी करायचा, तिसऱ्यांदा त्याचा हक्क सुटायचा. मग मॅजिस्ट्रेटसमोर नवा बाप "हा माझा" म्हणून दावा करायचा. जुन्या घराशी कायद्याचं नातं तुटायचं, नव्या घराचं नाव आणि वारसा लागायचा. पौलानं रोमच्या मंडळीला पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५७ च्या सुमारास. त्या वेळी गादीवर नीरो होता, आणि नीरो स्वतः दत्तक. क्लॉडियसनं त्याला इ.स. ५० मध्ये दत्तक घेतलं, स्वतःचा सख्खा मुलगा घरात असताना. म्हणजे 'दत्तक' म्हटलं की रोमच्या माणसाला रस्त्यावरचं बिचारं लेकरू आठवत नसणार. त्याला वारस आठवत असणार.

हे मी बुधवारी सांगितलं. बायकांना नीरो फार आवडला नाही. त्यांना गलतीकरांचा ४ था अध्याय आवडला, कारण तिथे पौल म्हणतो की वारस लहान असतो तोवर पालक आणि कारभाऱ्यांच्या ताब्यात असतो, त्याच्यात आणि दासात फरक नसतो, आणि मग दत्तकपण मिळतं. सासूबाई मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या. 'पालक' शब्द आला तशी त्यांनी मान वर केली. घरी येताना म्हणाल्या, "म्हंजे पौलालेही मालूम होतं."

एक जण म्हणाली, "पण इथं पुत्रच म्हटलं हाय, आपलं काय?" चांगला प्रश्न. माझ्या समजुतीनं उत्तर त्याच पत्रात थोडं आधी आहे, यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री असा भेद ख्रिस्तात नाही म्हणतो तिथे. त्या काळी वारशाच्या बाबतीत पुत्राला जो मान, तोच मान तो लेकींना, दासांना, सगळ्यांना देतो. 'कन्या' म्हणून कमी वाटा नाही. गावात जातीचा प्रश्न आम्हाला पुढे शंभरदा आला, तेव्हा हीच ओवी, म्हणजे हेच वचन, मनात घोळवली.

१७ फेब्रुवारी २०२३, शुक्रवार. आम्ही दोघं हरभरा काढत होतो. शेतात रेंज नाही. संध्याकाळी सहाला घराच्या गच्चीवर गेले तेव्हा मेसेज धडाधड आले, त्यात 'कारा'चा सकाळी ११ चा. रेफरल, म्हणजे मुलाची माहिती, आल्यापासून ४८ तासांत मूल राखून ठेवावं लागतं, नाहीतर ती संधी गेली. सात तास गेलेच होते. सेतू बंद. भाचीनं तिच्या मोबाइलवर लॉगिन केलं. ओटीपी यांच्या फोनवर, फोन खाली चार्जिंगला, आणि खालच्या खोलीत रेंज नाही. तिसऱ्या ओटीपीला उघडलं. (मोबाइल नंबर बदलू नका, आणि पोर्टलवर ज्याचा नंबर दिलाय त्यानं वाट पाहायच्या वर्षांत रेंजमध्ये झोपावं.)

एक फोटो, बाल अभ्यास अहवाल, वैद्यकीय अहवाल. लोक म्हणतात फोटो पाहिला आणि कळलं हीच आपली. मला तसं काही झालं नाही. मी आधी वजन वाचलं. साडेआठ महिन्यांची, ६ किलो ३०० ग्रॅम. अंगणवाडीतल्या तक्त्यावर ही पिवळ्या पट्ट्यातली, म्हणजे कमी वजनाची मुलगी. डोक्यात लगेच सुरू झालं, दिवसातून किती वेळा भरवायचं, तेल किती, शेंगदाण्याचा कूट कधीपासून. यांनी विचारलं, "कशी हाये?" मी म्हटलं, "दीड किलो कमी आहे." आम्ही राखून ठेवली.

संस्था दुसऱ्या जिल्ह्यात. अहवाल आमच्या बालरोग डॉक्टरांना दाखवला, त्यांनी दोनशे रुपये घेतले नाहीत. संस्थेच्या दत्तक समितीनं आम्हाला भेटून प्रश्न विचारले. मूल संगोपन निधीचे ५०,००० रुपये ऑनलाइन भरले, पावती घेतली. हे पैसे आम्ही कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला ठेवले होते. याच्यावर कोणी 'देणगी' मागितली तर देऊ नका, आमच्याकडे कोणी मागितली नाही. ४ मार्चला ती दत्तकपूर्व संगोपन म्हणून घरी आली. संगोपन. शब्द नीट वाचा. आदेश अजून नव्हता.

पहिल्या अकरा रात्री ती माझ्याकडे आली नाही. घेतलं की पाठ ताठ करून मागे फेकायची. संस्थेतल्या मावशींच्या अंगाला डेटॉलचा वास होता, म्हणून मी पदराला डेटॉल लावून पाहिलं. तरी नाही. सासूबाईंकडे मात्र झोपायची. मी रात्री अंगणात बसून रडायची आणि त्याहून वाईट म्हणजे मला आतून काहीच वाटत नव्हतं. माया नाही, ओढ नाही, नुसती जबाबदारी. हे मी इथे लिहितेय कारण हे कोणी मला आधी सांगितलं नव्हतं. असं होतं. माझ्या ओळखीत नंतर दोघींनी कबूल केलं.

ईस्टर ९ एप्रिलला होता. मंडळीला वाटत होतं त्या दिवशी तिचं देवळात समर्पण, म्हणजे लेकरू देवाच्या हाती सोपवायची प्रार्थना, व्हावं. मला धीर होईना. आदेश नाही, उद्या काही झालं तर? आणि आदेशाआधी तिचे फोटो सगळीकडे फिरलेले चालत नाहीत, ते वेगळंच. त्या आठवड्यात मी बुधवारची टिपणं पुन्हा काढली. रोमकरांसच्या ८ व्या अध्यायात १५ व्या ओवीत पौल म्हणतो दत्तकपणाचा आत्मा मिळालाय. २३ व्या ओवीत, त्याच अध्यायात, म्हणतो आपण कण्हत दत्तकपणाची वाट पाहतोय. सभेत मी ही दुसरी ओवी घाईत सोडून दिली होती, कारण पहिलीशी जुळत नव्हती. आता मांडीवर मुलगी होती, घरात होती, पाळण्यात होती, आमच्या ताटातला वरणभात खात होती, आणि कागद कलेक्टर ऑफिसात होता. दोन्ही ओव्या एकाच घरात बसत होत्या.

आणि ते 'सारखी'. मला माया वाटते का नाही, यावर तिचं घरातलं स्थान ठरणार नव्हतं. ते ठरणार होतं एका आदेशानं. माझ्या त्या अकरा रात्रींत हा मोठा आधार होता, तिच्यासाठीही आणि माझ्यासाठीही. मला स्वतःला देव जवळ वाटला नाही असे महिने या चार वर्षांत कमी नव्हते. तेव्हा मी समजायची, माझंच नातं कच्चं. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते, राखी तुटली की नातं सैल. मी देवाची मानलेली लेक आहे असंच धरून चालले होते.

ईस्टरला समर्पण केलं नाही. घरीच पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, चहा झाला.

२०२२ च्या सप्टेंबरपासून दत्तक आदेश कोर्टाऐवजी जिल्हा दंडाधिकारी देतात. अर्ज संस्थाच करते, वकील लागत नाही. आमची तारीख २० जून लागली. एसटीत मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळे जायचा खर्च तरी हलका. साडेतीन तास बाकावर बसलो. आत सात मिनिटं. दंडाधिकारी मॅडमनी विचारलं, "स्वेच्छेनं घेताय?" यांनी "हो" म्हटलं, मी "हो" म्हटलं, मुलीनं टेबलावरचा पेपरवेट उचलला. आदेश हातात यायला आणखी आठ दिवस. समर्पण जुलैच्या दुसऱ्या रविवारी झालं, मुसळधार पाऊस, सातच्या सात घरं भिजून आली.

जन्मदाखल्याला ऑगस्ट उजाडला. आमची नावं आई-वडील म्हणून, जुन्याचा उल्लेख नाही. पहिल्या दाखल्यात यांच्या नावाची वेलांटी चुकली होती, ती तिथेच काउंटरवर तपासली म्हणून वाचलं. दाखला हातात घेऊन आधी दाराबाहेर जाऊ नका. सासूबाईंना वाचता येतं, पण हळू. त्यांनी चष्मा लावून सगळा दाखला वाचला, शिक्क्यावर अंगठा फिरवला आणि लोखंडी पेटीत आमच्या लग्नाच्या दाखल्याखाली ठेवला. मग म्हणाल्या, आत्याच्या त्या पोराचा पत्ता शोधा. अजून शोधतोय. चंद्रपूरकडे कुठे असावा.

घरी आल्यापासून दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी मॅडम पाहणीला येतात. तीन झाल्या. मुलगी आता १२ किलो, हिरव्या पट्ट्यात, आणि माझ्यापेक्षा आजीची जास्त. चौथी पाहणी २०२५ च्या मार्चमध्ये. यंदा तूर बरी झालीय. मॅडमना काहीही द्यायचं नाही, हे मी आईंना चारदा सांगितलंय. त्या डाळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "एक पायली तुरीची का लाच होते काय?"